काळ्या टी-शर्टवरच्या रेघा आणि माझ्या आठ रेकॉर्डची क्रमवारी



आपल्या ह्या ग्रुपवर कोणी पेडण्याच्या पुनवेबद्दल लिहितं, कोणी चोपडे-शिवोलीच्या फेरीबोटीबद्दल, कोणी शाळेतल्या मास्तरांच्या छडीबद्दल. मी सगळं वाचतो, अंगठा दाखवतो आणि गप्प बसतो. आज पहिल्यांदाच मोठं लिहितोय. विषय जरा वेगळा आहे. काहींना वाटेल, हा निवृत्त बँकवाला म्हातारपणी बहकला. वाटू दे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

यंदाच्या मे महिन्यात माझी नात पुण्याहून सुट्टीला आली. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर छातीभर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा. डोंगरांची रांग एकावर एक रचावी तशा. मी बघतच राहिलो.

"हे काय गं?"

"डिझाइन आहे, आजोबा. सगळे घालतात."

मी काही बोललो नाही. आतल्या खोलीत गेलो, कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक रेकॉर्ड काढली आणि तिच्यासमोर धरली. काळं कव्हर, मधोमध त्याच पांढऱ्या रेघा. वर नाव नाही, गाव नाही. पोरगी एकदा स्वतःच्या छातीकडे बघते, एकदा कव्हरकडे.

"आजोबा, ह्यांनी टी-शर्टचं डिझाइन ढापलं?"

"नाही बाय. टी-शर्टवाल्यांनी ह्यांचं ढापलं. ही रेकॉर्ड तुझ्या पप्पाच्या वयाची आहे."

मग आम्ही दोघांनी ती लावली. ती पुण्याला परत गेली, पाऊस सुरू झाला, माझा गुडघा सुजला, घराबाहेर पडणं बंद. तेव्हा म्हटलं, कपाटातल्या सगळ्या इंग्रजी रेकॉर्ड परत एकदा नीट ऐकूया आणि एकदाचा नंबर लावूया. त्यात मुंबईचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, ह्या जुन्या रेकॉर्डना आता चांगला भाव आहे, विकून टाका. तुमच्यानंतर कोण ऐकणार?" तो प्रश्न तसा रास्तच होता. म्हणून हा हिशेब मांडतोय.

आधी थोडं सांगतो, पेडण्यातल्या एका कॉमर्स ग्रॅज्युएटकडे ह्या रेकॉर्ड आल्या कशा.

माझा जन्म १९५१ चा. गोवा मुक्त झाला तेव्हा मी दहा वर्षांचा. बी.कॉम. पणजीला केलं. त्या वेळी गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती, आपलं गोवा विद्यापीठ १९८५ चं. नंतर बँकेत लागलो. आमच्या घरी गाणं होतं, पण ते वेगळं. बाबा देवळात भजनाला बसायचे. साखळीच्या रामदास कामतांचं 'मत्स्यगंधा'तलं पद रेडिओवर लागलं की घरात कोणी भांडं वाजवायचं नाही. काल्याला रात्रभर दशावतार, शिगम्याला ढोल-ताशे, चवथीला घुमट. माझे कान ह्यावर पोसलेले.

सत्तरीच्या दशकात हिप्पी आले. त्यांच्याबद्दल आजकाल दोनच तऱ्हेने लिहितात. एक म्हणजे नागडे-उघडे, गांजा, आमची पोरं बिघडवली. दुसरी म्हणजे काय सोन्याचे दिवस होते, काय संगीत, काय मोकळेपणा. दुसऱ्या तऱ्हेचे लेख लिहिणारे बहुतेक बाहेरचे. दोन्हीत आम्ही गाववाले कुठेच नसतो. असलोच तर खोली भाड्याने देणारे किंवा मासे विकणारे. अरे, आम्हालाही कान होते! हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात परतीच्या तिकिटाला पैसे नसलेले गोरे चादर पसरून वस्तू विकायचे. कॅमेरे, बूट, झोपायच्या पिशव्या. बहुतेकांकडे गाणी म्हणजे कॅसेटीच असायच्या. पण दरवर्षी येऊन चार-सहा महिने घर भाड्याने घेणारे काही जण एलपी पण आणायचे. मला पगार सुरू झालेला, लग्न व्हायचं होतं. सेलवर चालणारा एक छोटा रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि बुधवारी अर्धी रजा टाकून फेरीने शिवोलीला उतरायचं, तिथून हणजुणे.

आता ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. रॉक म्हणजे मूळचं तीन मिनिटांचं नाचाचं गाणं. १९६७ च्या पुढे काही इंग्रज पोरांना वाटलं की एवढ्यावर भागणार नाही. त्यांनी गाणी वीस-वीस मिनिटांची केली, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणलं, अख्ख्या रेकॉर्डचा एकच विषय धरला. ते आर्ट रॉक. रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकासारखं, एकेका पदाला चार-चार वन्स मोअर. मग १९७६-७७ मध्ये पंकवाले आले आणि त्यांनी ते नाटक बंद पाडलं. तीन कॉर्ड, आरडाओरडा, दोन मिनिटांत गाणं खलास. त्यांच्या मागून आले ते पोस्ट-पंकवाले. ह्यांनी पंकचा राग ठेवला, पण डोकं परत चालू केलं. माझ्या कपाटात दोन्हीकडचे आहेत.

क्रमवारीचे नियम तीन. एक, रेकॉर्ड पहिल्या बाजूपासून शेवटच्या बाजूपर्यंत बसून ऐकायची, मध्ये सुई उचलायची नाही. दोन, इंग्रजी मासिकांच्या 'सर्वोत्तम शंभर' याद्या बघायच्या नाहीत. त्या याद्या तिकडच्या कानांनी केलेल्या आहेत, मी माझ्या कानांनी करीन. तीन, आणि हा खरा नियम. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय धरतात, मग शिल्लक कितीही असो. तसंच इथे. रेकॉर्ड किती थोर, किती दुर्मिळ, बाजारात भाव काय, हे बाजूला. ऐकून झाल्यावर आठवड्याभरात ती परत लावाविशी वाटली का? एवढंच बघायचं. आता खालून वर येतो.

८) येस - टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स (१९७३)

दोन रेकॉर्ड, चार बाजू, चार गाणी. म्हणजे एका बाजूला एकच गाणं, वीसेक मिनिटांचं. ह्याची गंमत अशी की ही आपल्याच घरातून गेलेली वस्तू आहे. गायक जॉन अँडरसनने परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचलं. त्यातल्या एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्रं असे शास्त्रांचे चार भाग सांगितलेत. झालं, त्यावर त्याने चार बाजू भरल्या. १९७७ मध्ये मी ही मोठ्या अभिमानाने घेतली होती. वाटलं, साहेबाने आपलं तत्त्वज्ञान गायलंय. ह्या पावसात बसून ऐकली तेव्हा दुसऱ्या बाजूला डोळा लागला. मला एकट्याला कंटाळा आला असं नाही. त्यांचा स्वतःचा कीबोर्डवाला रिक वेकमन इतका वैतागला होता की मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याने स्टेजवरच करी मागवून खाल्ली, आणि त्या दौऱ्यानंतर बँड सोडला. शास्त्रांवरचं गाणं चालू आणि वाजवणारा करी खातोय! आठवा नंबर ह्या किश्श्यासाठी. नाहीतर तोही नसता.

७) किंग क्रिम्झन - इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग (१९६९)

पहिलं गाणं लावल्यावर बाबा ओटीवरून आत आले होते. "हें कितें रे? गिरण बिघडली काय कितें?" खरं तर ते इतकं चुकीचं बोलले नव्हते. पण त्याच बाजूचं शेवटचं गाणं, 'एपिटाफ', त्यांनी दारात उभं राहून पूर्ण ऐकलं आणि न बोलता परत गेले. मेलोट्रॉन नावाचं एक वाद्य आहे त्यात. पट्टी दाबली की आत टेपवर भरून ठेवलेला व्हायोलिनांचा सूर वाजतो. त्याने सगळं गाणं भरून टाकलंय. कव्हरवर किंचाळणारा लाल चेहरा आहे. तो काढणारा बॅरी गॉडबर हा कॉम्प्युटर प्रोग्रॅमर होता, रेकॉर्ड आल्यानंतर काही महिन्यांतच २४ व्या वर्षी गेला.

चाळीस वर्षं मी ही पहिल्या नंबरवर धरत होतो. कोणी विचारलं की हिचंच नाव सांगायचो. पण दुसऱ्या बाजूचं ते बारा मिनिटांचं गाणं आता धकत नाही. त्यातलं बरंचसं नुसतं चाचपडणं आहे. पहिली बाजू सोनं, दुसरीत डाग जास्त. आणि खरं सांगायचं तर मी हिचं नाव घेत होतो ते घ्यायला बरं वाटायचं म्हणून. परत लावाविशी वाटली नाही.

६) वायर - पिंक फ्लॅग (१९७७)

वर 'येस'ची ऐंशी मिनिटांत चार गाणी बघितली. ही ३५ मिनिटांत २१. काही गाणी मिनिटभराचीसुद्धा नाहीत. शब्द संपले की गाणं बंद. हे ऐकताना मला मंगेशीच्या अभिषेकीबुवांची आठवण येते. हसू नका. त्यांनी 'मत्स्यगंधा'पासून नाट्यगीत आटोपशीर केलं, फापटपसारा काढला, तेव्हा जुने लोक म्हणायचे की हे काय, सुरू झालं नाही तोवर संपलं. आमच्या बाबांचंही सुरुवातीला तेच म्हणणं होतं, मग वर्षभरात तीच पदं गुणगुणायला लागले. 'पिंक फ्लॅग' मला आवडते, पण ती एका दमात ऐकली की कोणतं गाणं कुठलं ते लक्षात राहत नाही. म्हणून सहावी.

५) डेव्हिड बोवी - लो (१९७७)

ह्याच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळी घरं. पहिलीत छोटी छोटी सात गाणी. दुसरीत चार लांब रचना, त्यात बोल जवळजवळ नाहीतच. शब्दांसारखं जे काही ऐकू येतं त्यातलं बरंचसं कुठल्याच भाषेतलं नाही. बरीचशी रेकॉर्ड फ्रान्समध्ये झाली आणि बर्लिनला पूर्ण झाली, त्या शहरात तेव्हा भिंत उभी होती. तरुणपणी मी फक्त पहिली बाजू लावायचो. दुसरी बाजू इतकी कमी वाजली की तिच्यावर एक चरा नाही. आता उलटं. तबला लागायच्या आधीची आलापी ज्याला आवडते त्याला ही बाजू कळेल. शब्द नसल्यामुळे माझ्या इंग्रजीची परीक्षाही होत नाही.

४) पिंक फ्लॉइड - द डार्क साइड ऑफ द मून (१९७३)

ही सगळ्यांना माहीत आहे. १९७३ ते १९८८ च्या दरम्यान अमेरिकेच्या खपाच्या यादीत ७४१ आठवडे होती. म्हणून वर किंवा खाली ठेवायचं कारण नाही. दोन्ही बाजू आजही सरळ ऐकू येतात, कुठे अडत नाही. पण मला ह्यातलं सांगायचंय ते वेगळंच.

पहिल्या बाजूच्या शेवटी एक बाई गाते. एकही शब्द नाही, नुसता आवाज, रडावं तसा, भांडावं तसा. ती क्लेअर टोरी. स्टुडिओत बोलावलं, म्हणाले मरणावरचं गाणं आहे, काय वाटेल ते गा. ती गायली, तिला ३० पौंड दिले आणि ती घरी गेली. रेकॉर्ड कोट्यवधी खपली. तीसेक वर्षांनी, २००४ मध्ये, तिने कोर्टात दावा केला की ती चाल माझी आहे. पुढच्या वर्षी कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि आता रचनाकारांमध्ये तिचं नाव लागतं.

मी बँकेत असताना हे वाचलं असतं तर म्हटलं असतं, ठरलेले पैसे दिले, पावती घेतली, व्यवहार पूर्ण. आता तसं म्हणवत नाही. का, ते पुढच्या दोन नंबरांत सांगतो. हे आजपर्यंत घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही.

३) गँग ऑफ फोर - एंटरटेनमेंट! (१९७९)

फेब्रुवारी १९८२. मी तेव्हा डिचोली भागातल्या एका शाखेत होतो. खाणींचे दिवस, रस्त्यावर ट्रकांची रांग, सगळं गाव लाल धुळीने माखलेलं. माझ्याकडे सोनेतारण कर्जाचं काम होतं. दागिना घेऊन येणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरून तिला किती गरज आहे ते ओळखता यायचं. कामाच्या वेळी त्याचा फायदा घ्यायचा नाही असा माझा नियम होता आणि तो मी पाळला. कामाच्या वेळी.

एका रविवारी घरी आलो असताना कळलं, हरमलला एका खोलीत एक गोरा पोरगा आजारी आहे आणि सामान विकतोय. मी गेलो. वीस-बावीस वर्षांचा, मँचेस्टरकडचा. डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ झालेली, अंगावर हाडं तेवढी. पणजीहून बोटीने मुंबईला आणि तिथून विमानाने घरी जायचं होतं, त्यासाठी पैसे जमवत होता. भिंतीला टेकवून चार रेकॉर्ड ठेवल्या होत्या. ही एक, 'पिंक फ्लॅग', 'लो' आणि जी पुढे पहिल्या नंबरवर येईल ती. चारींचे मिळून त्याने दीडशे रुपये सांगितले. त्या वेळी आपल्या इकडे छापलेली नवी एलपीसुद्धा चाळीसेक रुपयांना पडायची, आणि ह्या तर विलायती. दीडशे काही जास्त नव्हते.

मी शंभर म्हटलं. तो म्हणाला, एकशे तीस. मी उठून दाराकडे चालायला लागलो. बाजारात करतात तसं. मला माहीत होतं तो हाक मारणार. त्याने मारली.

आता ह्या रेकॉर्डचं कव्हर बघा. एक काउबॉय आणि एक तिकडचा मूळ रहिवासी, ज्याला ते इंडियन म्हणतात, हात मिळवतायत. तेच चित्र तीनदा, दर वेळी थोडं बदलून. सोबत लिहिलंय त्याचा भावार्थ असा की एकाला वाटतंय हा आपला दोस्त, आणि दुसरा खूश आहे की हा फसला, आता ह्याला लुबाडता येईल. हे कव्हर काखेत धरून मी त्या पोराशी हात मिळवला. त्या खोलीत इंडियन मी होतो, पण काउबॉय पण मीच होतो. त्या दिवशी ते लक्षात आलं नाही. कव्हरवरचं बारीक अक्षर मी वाचलंच काही महिन्यांनी.

गाण्यांबद्दल सांगायचं तर ही लीड्स शहरातली विद्यार्थी मंडळी. देणं-घेणं, विकणं-विकत घेणं माणसाच्या प्रेमात आणि जेवणाच्या ताटात कसं शिरतं, ह्यावर सगळी रेकॉर्ड. अँडी गिलची गिटार सुपारी कातरावी तशी, तुटक. मध्येच वाजवायचं थांबतो आणि ती रिकामी जागा पण तालात असते. कॉमर्स शिकलेल्या प्रत्येकाने ऐकावी अशी रेकॉर्ड आहे. आमच्या अभ्यासक्रमात नफा कसा मोजायचा ते होतं. तो कोणाच्या खिशातून आला हे विचारायचं शिकवलं नव्हतं.

२) जॉय डिव्हिजन - अननोन प्लेझर्स (१९७९)

मी शंभराची नोट दिली आणि निघालो तेव्हा त्या पोराने पिशवीतून आणखी एक काढली. काळी, पांढऱ्या रेघांची. म्हणाला, ही पण घेऊन जा, पैसे नकोत. मला वाटलं ओरखडे पडलेली असेल. मी विचारलं, का? तो म्हणाला, आमच्या गावचा बँड आहे, गाणारा मेला, मला आता ऐकवत नाही. एवढंच. मी कव्हर बघून म्हणालो, हा तर ईसीजी दिसतो. तो हसला. पिवळ्या डोळ्यांनी.

तो ईसीजी नव्हे. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल ह्या विद्यार्थिनीला आकाशातून नेमाने येणारे रेडिओचे ठोके सापडले. पल्सार म्हणतात त्याला, फिरणारा मेलेला तारा. त्या पहिल्या पल्सारच्या ठोक्यांचा आलेख म्हणजे ह्या रेघा, खगोलशास्त्राच्या एका कोशातून उचललेल्या. गाणारा इयन कर्टिस. १८ मे १९८० ला, वयाच्या २३ व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. बँडची ही पहिलीच रेकॉर्ड, स्टॉकपोर्टच्या स्टुडिओत केलेली. तिच्या बाजूंना ए आणि बी म्हटलेलं नाही. एकीचं नाव 'आउटसाइड', दुसरीचं 'इनसाइड'. निर्माता मार्टिन हॅनेटने स्टुडिओच्या लिफ्टचा आवाज घातलाय, काच फुटल्याचा घातलाय. ढोल लांबच्या खोलीत वाजतोय असं वाटतं.

१९८२ मध्ये मी एकदा लावली आणि ठेवून दिली. इतका अंधार मला नको होता, लग्न ठरलं होतं. पुढे कधी काढली की तो पोरगा आठवायचा आणि परत ठेवायचो. ह्या मे महिन्यात नातीसोबत ती पहिल्यांदा पूर्ण ऐकली. दोन्ही बाजू. नातीने दहा मिनिटांनी मोबाइल उलटा ठेवला. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कोण एवढं दुःखात आहे?" मला इतक्या वर्षांत न सुचलेली समीक्षा ती हीच. चाळीस मिनिटं कोणीतरी दुःखात आहे, पण मदत मागत नाही. ताल मात्र एकदाही सुटत नाही. आठवड्यात तीनदा लावली.

नातीचं म्हणणं, हीच पहिली ठेवा. मी म्हटलं, नाही. माझ्या अपराधाचे गुण मी तिला देत नाहीये ना, हे मला ठरवता येत नाही. ऑडिटचा नियम आहे, ज्या खात्यात आपला हितसंबंध ते खातं आपण तपासू नये. म्हणून दुसरी.

१) टॉकिंग हेड्स - रिमेन इन लाइट (१९८०)

ही त्याच चारांतली. न्यूयॉर्कचा बँड, निर्माता ब्रायन ईनो, रेकॉर्ड झाली बहामा बेटांवर. ह्यांनी नायजेरियाच्या फेला कुटीचं संगीत ऐकलं आणि गाणं बांधायची पद्धतच बदलली. एकच कॉर्ड धरायची, ती सोडायची नाही. बास एक तुकडा वाजवतोय, गिटार दुसरा, ढोल तिसरा, आवाज चौथा. प्रत्येकाचं काम अगदी थोडं. पण सगळे एकत्र आले की जे उभं राहतं ते कोणा एकाचं नसतं.

हे मला कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. आपल्या डिचोली-सत्तरीकडची सुंवारी ऐकलीय ना? घुमट, शामेळ, कांसाळें. शामेळवाला आपल्या जागी, घुमटवाले आपल्या जागी, एकही जण पुढे येऊन एकटा मिरवत नाही. हळूहळू चढत जातं आणि एका क्षणी बसलेला माणूस उठतो. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, छान झालं. पण त्याच्या चाळीस वर्षं आधी न्यूयॉर्कची चार पोरं त्याच वाटेने चालत होती, फक्त त्यांना ती वाट आफ्रिकेतून सापडली. आपल्याकडे ती देवळाच्या सभामंडपात होती आणि आम्ही ती 'गावंढळ' म्हणून सोडून हणजुण्याला विलायती रेकॉर्ड शोधायला जात होतो!

म्हणून ही पहिली. दुर्मिळ नाही, महाग नाही. पण १९८२ पासून एकही वर्ष असं गेलं नाही की ती लागली नाही. मुलाच्या बारशाला लागली, निवृत्तीच्या संध्याकाळी लागली. दुसरी बाजू शेवटाकडे जाताना मंद होत जाते, तीही आता ह्या वयात समजते. एकदा शिगम्याच्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम बाबांसाठी लावली होती. ते मांडीवर ताल धरून बसले आणि म्हणाले, "हे आपलेच कोण तरी दिसतात."

तर ही माझी यादी. तुमची वेगळी असेल, जरूर टाका. इंग्रजीच हवी असं नाही. भजनाच्या कॅसेटी, नाट्यगीतं, लताबाई, काहीही. फक्त एक करा, बसून पूर्ण ऐका आणि मग नंबर द्या. आणि नंबर स्वतःच्या कानांनी द्या. मी चाळीस वर्षं तोंडाने एक नाव घेत होतो आणि हाताने दुसरीच रेकॉर्ड लावत होतो. हे हिशेब तपासल्याशिवाय कळलं नसतं.

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. विकणार नाही. निदान त्या पाच तरी नाही. तारण ठेवलेला दागिना बँकेचा नसतो, बँकेच्या तिजोरीत असतो एवढंच.

पन्नास रुपये मी त्या पोराचे कमी केले. दहा टक्के चक्रवाढ धरली तर १९८२ ते २०२५, ४३ वर्षांचे ३,०१२ रुपये होतात. पाचव्या रेकॉर्डची किंमत तर धरलेलीच नाही, ती कशी धरायची ते मला येत नाही. बँकेत दहा वर्षं दावा न केलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण ठेवीदाराचा हक्क संपत नाही. तो कधीही येऊन मागू शकतो. तसे ३,०१२ रुपये मी पाकिटात घालून त्या काळ्या रेकॉर्डच्या कव्हरमध्ये ठेवलेत. नातीला सांगितलंय.

एक विनंती. हरमलचे जुने लोक ह्या ग्रुपवर आहेत. १९८१-८२ च्या मोसमात तुमच्या कोणाच्या घरी मँचेस्टरकडचा एक बारीक पोरगा राहत होता का, ज्याला कावीळ झाली होती? तो बोटीवर चढला का? घरी पोचला का? नंतर कधी पत्र आलं का? मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. कोणाच्या आईला, आजीला आठवत असेल तर विचारून बघा आणि इथे लिहा.